ती दुपार सोडून

आरोपी बोकड होता. त्यानं परीक्षेच्या आदल्या दिवशी विद्यापीठाची सांख्यिकीची प्रश्नपत्रिका खाल्ली असा त्याच्यावर आरोप होता, आणि मी त्याचा वकील होतो.

"माझा अशील," मी म्हणालो, "जन्मापासून शाकाहारी आहे."

"कागद शाकाहारीच असतो," न्यायाधीशांच्या खुर्चीतून सबनीस मॅडम म्हणाल्या. "पुढे चला, ढवळे."

विधी विभागाच्या अभिरूप न्यायालयात हा खटला चालू होता. मुलांना वकिलीचा सराव करता यावा म्हणून ते खोटं कोर्ट बांधलं होतं, पण बाकं खऱ्या कोर्टापेक्षा चांगली होती. आरोपीच्या पिंजऱ्यात बोकडाऐवजी मॅडमची पर्स ठेवली होती. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात नवनाथ घोलप उभा होता. एस्टीच्या ड्रायव्हरनं कुठल्याही क्षणी करकचून ब्रेक मारावा अशा बेतानं त्यानं समोरची दांडी धरली होती.

"साक्षीदार नवनाथ, तुम्ही बोकडाला ओळखता?"

"तोंडओळख आहे," नवनाथ म्हणाला.

हे त्याचं आम्ही ऐकलेलं पहिलं विनोदी वाक्य. मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी एखाद्या मुलाला चालायला शिकवलंय.

आमच्या कक्षाचं पूर्ण नाव 'पीडित व साक्षीदार सहाय्य कक्ष'. विद्यापीठानं तो भूगर्भशास्त्र विभागाच्या जुन्या कोठीत उघडला होता, त्यामुळे येणारी माणसं कपाटभर दगडांच्या साक्षीनं रडायची. मी तिथं स्वयंसेवक झालो कारण समाजसेवेचे गुण मिळतात असं कुणीतरी सांगितलं होतं. कक्ष चालवणाऱ्या सबनीस मॅडमनी मला ठेवून घेतलं ते वेगळ्या कारणानं. साक्षीदाराबरोबर खऱ्या साक्षीचा सराव करायला बंदी असते, नाहीतर समोरचा वकील म्हणतो की हा पढवलेला पोपट आहे. पण पिंजऱ्यात उभं राहून उलटतपासणीत गडबडायचं कसं नाही, याची सवय तर व्हायला हवी. म्हणून मॅडम खोटे खटले चालवायच्या, आणि त्या खोट्या खटल्यांसाठी त्यांना एक कायमस्वरूपी वेडपट माणूस हवा होता.

"तुम्ही म्हणता, बोकडानं कागद खाल्ला. तुम्ही किती लांब होता?"

"जवळच होतो."

"तुम्ही त्याला थांबवलं का नाहीत?"

"तिघं होते."

"बोकड तिघं होते?"

नवनाथ थबकला. मला तिथंच थांबायला हवं होतं हे नंतर कळतं, पण मी रंगात आलो होतो. "बरं, खाताना बोकड काय म्हणत होता? कोर्टाला त्याचे नेमके शब्द सांगा!"

मागे बसलेल्या दोघी स्वयंसेविका खो खो हसल्या. नवनाथनं दांडी सोडली आणि तो खाली बसला. त्या लाकडी चौकटीत तो दिसेनासाच झाला. आतून आवाज आला, "ते नका विचारू."

मॅडमनी पर्स उचलली आणि खटला तहकूब केला.

बाहेर चहाच्या टपरीवर त्या मला म्हणाल्या, "पुष्कर, त्याला कोर्टात नेमकं तेच विचारणार आहेत. सगळी केस तेवढ्यावर आहे."

केस साधी होती. वर्षापूर्वी, क्रिकेटच्या फायनलच्या दुपारी, सगळं वसतिगृह टीव्हीसमोर बसलेलं असताना तीन सीनियरांनी पहिल्या वर्षाच्या केदारला तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून बाहेरच्या सज्ज्यावर उभं केलं. सज्जा वीतभर रुंद. खोलीत आणखी एकच मुलगा होता, केदारचा रूममेट नवनाथ. खिडकीची कडी त्यांनी नवनाथला लावायला लावली. केदार पडला. सीनियरांचं म्हणणं होतं की पैज होती, गंमत होती, केदार स्वतःहून बाहेर गेला आणि शेवटपर्यंत हसत होता. तो हसत होता की सोडा म्हणत होता, हे सांगू शकणारा माणूस जगात एकच होता, आणि तो आत्ता टपरीमागे नळाखाली डोकं धरून उभा होता.

कक्षाची खोली एकच, हा आमचा मोठा घोळ. पीडितांच्या घरचे आणि साक्षीदार यांना वेगळं बसवायचं असतं, असं मॅडमनी विद्यापीठाला तीनदा लिहिलं. विद्यापीठानं उत्तरादाखल एक पडदा पाठवला. तो दगडांच्या कपाटाला लावला.

त्यामुळे केदारची आई पहिल्यांदा आली तेव्हा नवनाथ समोरच बसलेला होता. मंदाकाकू भूमहून आल्या होत्या. तिथं त्या ब्लाउज शिवायच्या. लहानखुऱ्या, बोलताना समोरच्याच्या खांद्याच्या शिवणीकडे बघायची सवय. नवनाथ उठून उभा राहिला. कडी कुणी लावली हे त्यांना पोलिसांकडून कळलेलं होतं.

"तू नवनाथ ना?" त्या म्हणाल्या.

"हो."

"तुलाही त्यांनी छळलंच की रे." आणि त्या त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. अगदी सहज, एखादी गाडी येईपर्यंत बसावं तशा.

मग मॅडमनी नियम सांगितला. खटला संपेपर्यंत दोघांनी त्या दुपारबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही. काकूंचीही साक्ष होती, फोनवर केदार आधी काय सांगायचा त्याबद्दल. एकाचं ऐकून दुसऱ्याची साक्ष बदलली, असं व्हायला नको. "ती दुपार सोडून काहीही बोला," मॅडम म्हणाल्या, आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "गाडी तिकडे वळली की हा मध्ये पडेल. त्याला तेवढंच येतं."

असा मी अधिकृत अडथळा झालो. दर तारखेला काकू यायच्या, तारीख पुढे जायची, आणि बसची वेळ होईपर्यंत आम्ही तिघं दगडांत बसायचो.

"घोरायचा का रे अजून?" काकू विचारायच्या.

"घोरायचा? काकू, शेजारच्या खोलीतनं भिंत वाजवायचे."

"बापाचं उचललं त्यानं. आणि आंघोळ?"

"आंघोळीत गाणी म्हणायचा. बाहेर रांग लागलेली असायची, हा आतून विचारायचा, पुढचं कोणतं म्हणू?"

काकू हसता हसता पदर तोंडाला लावायच्या. हळूहळू माझ्या लक्षात आलं की त्या केदारला थोडा थोडा करून परत नेतायत. एका खेपेला घोरणं, एका खेपेला गाणी, एका खेपेला त्यानं उसनं नेलेला आणि कधीच न दिलेला कंगवा. आणि मग मध्येच त्यांचा आवाज बदलायचा. "नवनाथ, त्या दिवशी सकाळी तो..."

"काकू!" मी ओरडायचो. "तुम्हाला माहितीये का, हा काळा दगड सहा कोटी वर्षांचा आहे आणि अजून त्याला नोकरी नाही?"

त्या माझ्याकडे बघायच्या. रागानं नाही. दाराशी येऊन परत फिरणाऱ्या पोस्टमनकडे बघावं तशा.

शेवटी खरंच तारीख आली. जिल्हा न्यायालयात त्या दिवशी पंखे बंद होते आणि तिन्ही आरोपी कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट घालून आले होते. तिघं एखाद्या बँकेच्या मुलाखतीला आल्यासारखे दिसत होते. काकूंची साक्ष व्हायची होती म्हणून त्यांना आत बसायला परवानगी नव्हती. मॅडम त्यांच्याबरोबर बाहेर बाकावर. मी आत, नवनाथला दिसेल अशा जागी. माझं काम एवढंच की तो घाबरला तर त्याला माझा चेहरा दिसावा. माझ्या चेहऱ्यानं कुणाला धीर आल्याचं ते एकमेव उदाहरण.

तो छान बोलला. हळू, पण एकेक शब्द नीट. कडी मीच लावली म्हणाला. का लावली विचारल्यावर म्हणाला, "मला म्हणाले, लाव, नाहीतर तू जा बाहेर. मी लावली."

मग सरकारी वकिलांनी विचारलं. "केदार बाहेरून काही बोलत होता?"

नवनाथनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मला वाटतं मी जरा हसलोही.

"आधी काच वाजवत होता. दादा, बास, म्हणत होता. मग रडायला लागला. पाय कापतायत म्हणाला. मग... मग आईला हाका मारत होता."

"हसत होता का?"

"नाही. हे तिघं हसत होते."

आरोपींच्या वकिलांनी बराच वेळ त्याला घुसळला. तू मित्र होतास तर कडी का काढली नाहीस, पोलिसांना हे पहिल्या दिवशी का सांगितलं नाहीस, मॅच कोण जिंकलं. नवनाथ ढळला नाही. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा सरकारी वकील फाइल आवरताना मला म्हणाले, "पोरगं सोन्यासारखं बोललं." ते मॅडमना शोधायला एका दारानं गेले. मी नवनाथला घेऊन दुसऱ्या दारानं निघालो, कारण नियम होता की काकूंची साक्ष होईपर्यंत दोघांना लांब ठेवायचं.

मंदाकाकू त्याच दुसऱ्या दाराबाहेर उभ्या होत्या. मॅडमना वकिलांनी बोलावलं, तेवढ्यात त्या उठून इकडे आल्या होत्या.

"काकू," मी सुरू झालो, "इथल्या कॅन्टीनचा वडा म्हणजे खरं तर पुरावा आहे, तो खायचा नसतो, त्याचा पंचनामा..."

"पुष्कर," त्या म्हणाल्या. "बाळा, जरा गप बस."

इतक्या महिन्यांत त्यांनी मला पहिल्यांदा काही मागितलं होतं. माझं तोंड मिटलं. मी कायद्याच्या बाजूनं उघडायचा प्रयत्न केला, पण ते मिटलेलंच राहिलं.

त्या नवनाथच्या अगदी जवळ गेल्या. "मला कुणी सांगत नाही रे. पोलीस म्हणतात कोर्टात कळेल, आणि कोर्ट मला बाहेर बसवतं. मला शिक्षेचं काही नाही. फक्त एवढं सांग, तो घाबरला होता का? काय म्हणत होता?"

सकाळीच त्यानं शपथेवर जे सांगितलं होतं ते त्याच्या तोंडाशी आलेलं मला दिसलं. आणि मग ते परत गेलेलंही दिसलं.

"नाही काकू," तो म्हणाला. "घाबरला नव्हता. हसत होता."

"हसत होता?"

"गंमत वाटत होती त्याला. मला म्हणाला, थांब आत येतो, मग बघतो तुझ्याकडे. आणि... एकदम पाय सरकला. कळलंसुद्धा नसेल."

काकूंनी डोळे मिटले. मी त्यांचा चेहरा इतके महिने बघत होतो. तो चेहरा मी पाहिलाच नव्हता हे तेव्हा समजलं. सगळीकडून आवळलेला टाका कुणीतरी उसवला, आणि आत एक बरीच तरुण बाई होती. त्या बाकावर बसल्या. म्हणाल्या, "तसाच होता तो. लहानपणी झाडावरनं पडला तरी हसायचा." मग पिशवीतून पाण्याची बाटली काढून घटाघटा प्यायल्या.

मी मॅडमना शोधत तो आख्खा मजला पळालो. त्या सापडल्या तेव्हा त्या सरकारी वकिलांच्या खोलीत होत्या आणि आत कुणाला सोडत नव्हते. मी शिपायाला म्हणालो, फार तातडीचं आहे. तो म्हणाला, इथं सगळ्यांचंच आहे. मी तिथं उभा राहिलो. खाली पुकारा झाला, मंदाकिनी बनसोडे हाजीर हो, आणि आतली माणसं तिसऱ्याच दारानं थेट कोर्टात गेली.

काकू पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. त्यांना विचारलं होतं, केदार फोनवर काय सांगायचा. त्यांनी ते सांगितलं, सीनियर त्रास देतात म्हणायचा, खोली बदलून मागणार होता. मग कुणी न विचारता, न्यायाधीश बाईंकडे वळून, जवळजवळ त्यांना धीर देत असल्यासारखं म्हणाल्या, "पण मॅडम, शेवटी त्याला त्रास झाला नाही. तो हसत होता."

सरकारी वकिलांच्या हातातलं पेन थांबलं.

आरोपींचे वकील सावकाश उठले. त्यांचा आवाज फार मऊ झाला होता. "बाई, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"नवनाथनं. आत्ता, बाहेर."

"तुमचा त्याच्यावर विश्वास आहे?"

"मुलासारखा आहे मला तो."

"मला आणखी काही विचारायचं नाही," वकील म्हणाले, आणि नवनाथला पुन्हा बोलवावं अशी मागणी केली.

शर्टवाल्या तिघांपैकी एकानं दुसऱ्याचा हात दाबला. सबनीस मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. साक्ष संपली म्हणून काकूंना आता आत बसता येत होतं. त्या पहिल्या बाकावर बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. काय झालं ते त्यांना समजलेलं नव्हतं. नवनाथ पुन्हा पिंजऱ्यात चढला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे बघून थोडी मान हलवली, सकाळी मी हलवली होती तशी.

"सुट्टीत तू या बाईंना काय सांगितलंस?" वकिलांनी विचारलं.

"केदार हसत होता म्हणून सांगितलं."

"आणि सकाळी, शपथेवर?"

"रडत होता म्हणून."

"म्हणजे तू माणूस बघून सांगतोस. आता आम्ही कुठलं धरायचं?"

टाइप करणारा माणूस बोटं वर धरून बसला. न्यायाधीश बाई पुढे वाकल्या. "नवनाथ, खरं काय आहे?"

"मॅडम," तो म्हणाला, "काकूंना बाहेर पाठवता येईल का?"

बाईंनी काकूंकडे पाहिलं. "तुम्हाला बाहेर बसायचं असेल तर बसू शकता."

काकूंच्या चेहऱ्यावर आता सगळं समजल्याचं दिसत होतं. कुणीतरी आत जाऊन दिवे एकेक करून मालवत यावेत तसं. तरी त्या म्हणाल्या, "नको. मी बसते इथंच."

मला अजून वाटतं, त्या क्षणी त्यानं 'हसत होता' म्हणावं यासाठी त्या बसल्या होत्या.

नवनाथनं दांडी धरली. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, तिघांकडे पाहिलं नाही. काकूंकडे बघत म्हणाला, "रडत होता. सकाळी सांगितलं ते खरं आहे. आई, आई म्हणत होता. पडेपर्यंत म्हणत होता."

"मग यांना खोटं का सांगितलंस?" वकिलांनी विचारलं.

"त्या विचारत होत्या," नवनाथ म्हणाला.

आरोपींच्या वकिलांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. आयुष्यभर मी वकिलांवर विनोद करत आलोय, पण तो माणूस खाली बसला आणि त्यानं चष्मा काढला, हे मी पाहिलं आहे.

पुढे तिघांनाही शिक्षा झाली. निकालपत्रात लिहिलं होतं की या साक्षीदारानं ज्या परिस्थितीत खरं सांगितलं त्यावरून त्याच्यावर अविश्वास ठेवायला जागा नाही. म्हणजे ते खोटं तो बोलला नसता तर कदाचित त्याच्या खऱ्याला एवढं वजन आलं नसतं, असा काहीतरी हिशेब. विद्यापीठानं कक्षाचा सत्कार केला. आम्हाला दुसरी खोली मिळाली. मला शाल मिळाली, भर मे महिन्यात. पेपरात फोटो आला, त्यात मी डोळे मिटलेला आहे.

पण त्या दिवशी यातलं काही माहीत नव्हतं. साक्ष संपली, कोर्ट पुढच्या केसकडे वळलं, कुठल्याशा विहिरीच्या मोटारीची चोरी होती. आम्ही चौघं बाहेर पॅसेजमध्ये आलो. सबनीस मॅडम काकूंचा हात धरून म्हणाल्या, "तुम्ही फार धीरानं बसलात. आता केस पक्की आहे. केदारला न्याय मिळेल."

काकूंनी मान हलवली आणि हात सोडवून घेतला. नवनाथ भिंतीला टेकून उभा होता. त्या त्याच्यासमोर गेल्या. मला वाटलं मारतील. वाटलं जवळ घेतील. मी काही बोलणार होतो, पण मला एकदा गप्प बसवलेलं होतं आणि तो हुकूम अजून कुणी मागे घेतला नव्हता.

"जेवणाच्या सुट्टीपासून तीन वाजेपर्यंत," त्या म्हणाल्या, "माझा केदार हसत होता."

नवनाथ खाली बघत होता.

"तेवढं राहू द्यायचं होतंस रे."

आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला काहीतरी म्हणता आलं असतं. त्यानं तोंड उघडलं, पण काकूंनी हात हलवून नको म्हटलं. साडी नीट केली, पिशवी खांद्याला लावली. बस कितीची आहे ते मॅडमना विचारलं आणि उत्तराची वाट न बघता जिन्याकडे निघाल्या. दोन पायऱ्या उतरून थांबल्या, आणि मागे वळून, नवनाथकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"याला जेवायला घाल काहीतरी. सकाळपासून उपाशी आहे."